फियाट, पद्मिनी आणि काळी-पिवळी : साधी गाडी ‘क्लासिक’ कशी होते?

आजचा विषय जुन्या गाड्यांचा आहे. जुन्या गाड्या म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, चकचकीत पितळी दिवे, रॅलीच्या दिवशी फेटे बांधून बसलेली मंडळी. त्या गाड्या सुंदर आहेत, त्यांच्यावर बोलायलाही खूप आहे. पण आज आम्ही त्यांच्याबद्दल बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत ती गाडी इथल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेली आहे, निम्म्या लोकांनी तरी तिच्यात बसून घाम पुसलेला आहे, आणि ‘काय खटारा आहे’ असंही म्हटलेलं आहे. (हशा) म्हणजे फियाट. नंतरची प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी.

टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ या दिवशी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा आहे वीस वर्षं. हिशोब सरळ आहे : ऑक्टोबर २०२३ संपता संपता ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. आणि त्या आठवड्यात काय झालं आठवतंय? वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. टॅक्सी संघटनेने मागणी केली की निदान एक तरी गाडी जपून ठेवा. जी गाडी आपण वर्षानुवर्षं नाकं मुरडत वापरली, ती जाताना आपल्याला हुरहूर का लागली? हा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधताना जुन्या गाड्यांच्या प्रेमाचा थोडा इतिहास बघू आणि मग कुर्ल्याला येऊ.

‘व्हिंटेज’ हा शब्द आला कुठून

‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात मोटारींचा नाहीच. तो द्राक्षाच्या हंगामाचा, वाइनचा शब्द. अमुक सालची वाइन चांगली, तसं अमुक काळातली गाडी चांगली, अशा अर्थाने तो मोटारींकडे आला.

१८९६ साली इंग्लंडमध्ये एक कायदा बदलला. तोपर्यंत मोटारीच्या पुढे एक माणूस पायी चालवायची सक्ती होती. ती उठली आणि वेगाची मर्यादाही वाढली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ ला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. पुढे १९२७ साली त्या फेरीची आठवण म्हणून पुन्हा जुन्या गाड्या काढल्या गेल्या. आता बघा, १९२७ मध्ये त्या गाड्या होत्या किती जुन्या? पंचवीस-तीस वर्षांच्या. म्हणजे आज आपण नव्वदच्या दशकातल्या मारुतीकडे बघतो तेवढ्याच. पण तेवढ्या काळात मोटार इतकी बदलली होती की त्या गाड्या लोकांना दुसऱ्याच युगातल्या वाटल्या. ही फेरी आजही निघते आणि १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच तिच्यात जागा असते.

१९३४ साली इंग्लंडमध्येच जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा क्लब निघाला. त्यांनी पुढे मर्यादा आखली ती १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांची. कारण? त्यांच्या मते त्यानंतरच्या गाड्या स्वस्तात आणि भरमसाट संख्येने बनायला लागल्या होत्या, त्यांच्यात जुनी कारागिरी उरली नव्हती. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून गाड्यांच्या सौंदर्याची स्पर्धा भरू लागली. आपल्याकडे दिल्लीत स्टेट्समन वर्तमानपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ ला सुरू झाली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. गाडी नुसती जुनी झाली म्हणून कोणी तिच्यावर प्रेम करत नाही. नवी गाडी ‘वेगळ्या जातीची’ यायला लागते तेव्हा जुनीची किंमत कळते. आपल्या हातून काहीतरी सुटतंय असं वाटायला लागलं की माणूस जपायला धावतो.

आता गाड्या ‘क्लासिक’ ठरायचे साधारण तीन रस्ते आहेत. एक, ती मुळातच दुर्मिळ आणि महाग होती. दोन, तिने शर्यती गाजवल्या. आणि तिसरा रस्ता सगळ्यात गमतीचा : ती इतकी सर्वसाधारण होती की एका अख्ख्या पिढीचं रोजचं जगणं तिच्यात बसून गेलं. जर्मनांची बीटल, फ्रान्सची सिट्रोएन टू-सीव्ही, इंग्लंडची मिनी या गाड्या याच रस्त्याने क्लासिक झाल्या. आपली फियाटही त्याच रांगेतली.

कुर्ल्यात मोटार कशी बनू लागली

भारतात मोटारी बनवाव्यात ही कल्पना स्वातंत्र्याच्या आधीची. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटारीचा कारखाना काढायची योजना मांडली होती. त्यासाठी ते परदेशातले कारखाने बघून आले. ती कल्पना उचलून धरली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा हा माणूस. जहाजांची सिंधिया कंपनी, बंगळूरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची गोदी या सगळ्यांमागे त्यांचा हात होता. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी जमवलं. पण महायुद्ध आलं आणि ब्रिटिश सरकारने काही साथ दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्या क्रायस्लरच्या कुटुंबातल्या, म्हणजे डॉज, प्लिमथ वगैरे. पण सुटे भाग तिकडून यायचे आणि जोडणी इथे व्हायची.

जोडणीचे कारखाने तर आधीपासून होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला जोडणी सुरू केली होती. पण स्वतंत्र भारताला नुसती जोडणी नको होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की जे टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी इथेच बनवायला तयार आहेत, त्यांनाच परवानगी. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाबतीत मैदानात उरले मुख्यतः तीन. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत प्रीमियर. हिंदुस्थानने मॉरिस ऑक्सफर्ड घेतली, तिची १९५७ साली अ‍ॅम्बॅसडर झाली. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला.

फियाट ११०० ही गाडी दांते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाली आणि १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. वेगळ्या चासीवर सांगाडा बसवण्याऐवजी सांगाडा हाच गाडीचा कणा, अशी तिची रचना. त्यामुळे वजन कमी. वर्षभरातच ती कुर्ल्यात आली. गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. (हशा) हे नाव हेटाळणीने ठेवलेलं नाही बरं का, लाडाने ठेवलेलं आहे. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात याच नावाने तिचा सौदा होतो.

१९६४ मध्ये आली ११०० डिलाइट. आपण जिला डोळे मिटून ‘फियाट’ म्हणतो ती चौकोनी, साधी, चार डोळ्यांत भरणारी काहीच गोष्ट नसलेली गाडी ती हीच. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये बंद पडलं. इकडे मात्र सत्तरच्या दशकात फियाटशी असलेला करार संपला तेव्हा गाडी तीच राहिली, नाव बदललं. आधी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चित्तोडच्या राणीचं नाव. आणि ही राणी पुढे २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. त्यातही गंमत बघा : तिचं १०८९ सीसीचं इंजिन मूळच्या ज्या इंजिनावरून आलं, ते फियाटने १९३७ साली बाजारात आणलेलं होतं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या इंजिनाचं नातवंड आपण संगणकाच्या जमान्यात चालवत होतो.

टंचाईने घडवलेलं नातं

एकच गाडी इतकी वर्षं टिकली ती काही फार उत्तम होती म्हणून नव्हे. दुसरी मिळत नव्हती म्हणून. हे प्रेमाच्या भरात विसरून चालणार नाही.

किती गाड्या बनवायच्या याला परवाना लागायचा. परदेशी सुटे भाग आणायला परकीय चलनाची परवानगी लागायची. गाडीची किंमतसुद्धा सरकार ठरवायचं. त्या किंमतीवरून कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७१ चा प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार हा खटला आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. सत्तरच्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारी बनत नव्हत्या. आज एखादी मोठी कंपनी तेवढ्या दोन-चार आठवड्यांत बनवते. त्यामुळे फियाटसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागलेली गाडी दारात आली की तीच लगेच जास्त किंमतीला विकता यायची. नवीपेक्षा जुनी महाग, असा उलटा बाजार.

ज्या वस्तूसाठी इतकी वाट बघितली ती माणूस सहजासहजी टाकत नाही. गाडी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं एकाच घरात राहायची. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा चालवायला शिकायचा. लग्नाची वरात तिच्यातून, बाळंतीण तिच्यातून घरी, आणि आजोबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. चार माणसांच्या गाडीत सात माणसं, वर कॅरिअरला बांधलेले होल्डॉल. घाटात इंजिन तापलं की गाडी कडेला, बॉनेट वर आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर. खंडाळ्याच्या घाटात असं थांबलेलं कुटुंब हे कोणे एके काळी अगदी नेहमीचं दृश्य होतं.

आज गाडी बदलायचा काळ पाच-सात वर्षांवर आलेला आहे. पाच वर्षांत वस्तूची सवय होते. पंचवीस वर्षांत ती घरातली होते. आम्हाला वाटतं, जुन्या गाडीच्या ओढीतला पहिला भाग हा आहे. टंचाई वाईटच होती, तिचे कोणी गोडवे गाऊ नयेत. पण त्या टंचाईने वस्तू आणि माणूस यांना एकमेकांबरोबर म्हातारं व्हायला लावलं.

बॉनेट उघडलं की कळणारी गाडी

दुसरा भाग यंत्राचा आहे, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पद्मिनीचं बॉनेट उघडा. आत मोकळी जागा दिसते. मध्ये चार सिलिंडरचं इंजिन. ताकद साधारण चाळीस अश्वशक्ती. एका बाजूला कार्ब्युरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण होतं ते भांडं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते ठरवणारी फिरती डबी. पुढे रेडिएटर. सकाळी थंडीत चोक ओढायचा : त्याने हवा कमी होते, मिश्रणात पेट्रोल वाढतं आणि गाडी सुरू होते. इंजिन गरम झालं की चोक आत ढकलायचा. विसरलात तर काळा धूर आणि पेट्रोलचा वास, म्हणजे चूक काय झाली ते गाडीच तुम्हाला सांगते.

गाडी अडखळत असेल तर शक्यता मोजक्याच. ठिणगी येत नाही, पेट्रोल येत नाही, नाहीतर हवेचं प्रमाण चुकलंय. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजले असतील तर ते पॉलिश पेपरने घासायचे आणि फीलर गेजच्या पातळ पत्तीने त्यांच्यातलं अंतर लावायचं. मे महिन्यात पेट्रोल पंप इतका तापायचा की नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. त्यावर इलाज काय? पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं झाडाखाली उभं राहायचं. हा इलाज घाटावरचा आणि कोकणातला प्रत्येक ड्रायव्हर जाणत होता.

आजच्या गाडीत बिघाड झाला तर आधी यंत्र जोडावं लागतं. ते एक कोड दाखवतं आणि मग अख्खा भाग बदलतात. आजच्या गाड्या वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. त्या कमी बिघडतात, कमी पेट्रोल पितात, अपघातात माणसं वाचवतात. पण त्यांच्यात आपण फक्त गिऱ्हाईक असतो. पद्मिनीत आपल्याला थोडंफार कळायचं. आणि जी गोष्ट कळते तिच्याशी आपलं भांडण होऊ शकतं, मैत्री होऊ शकते. घड्याळं, रेडिओ, शिवणयंत्रं, गाड्या या सगळ्यांच्या बाबतीत हेच दिसतं. ज्या जुन्या यंत्रांवर लोकांचा जीव आहे, ती बहुतेक करून उघडून बघता येणारी यंत्रं आहेत.

या कळण्यावर मुंबईत एक अख्खी दुनिया उभी राहिली. कुर्ल्यात सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं. चोर बाजारात दिव्यांच्या रिंगा आणि हँडल. गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली बसणारा मिस्त्री, डेंटिंग-पेंटिंगवाले, सीटचं काम करणारे, रेडिएटर झाळणारे. यांतल्या फार थोड्या लोकांनी इंजिनिअरिंगचं पुस्तक पाहिलं असेल. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून लागायचं, पाने ओळखायला शिकायचं, मग दोन-चार वर्षांनी इंजिनाचा आवाज ऐकून ‘टॅपेट वाजतायत’ हे सांगता यायला लागायचं. हे सगळं ज्ञान एका गाडीभोवती जमलं, कारण ती गाडी चाळीस वर्षं बदललीच नाही. वडिलांकडून शिकलेलं मुलाच्या कामी यायचं.

मुंबईने फियाटच का निवडली

कोलकात्यात टॅक्सी म्हटलं की पिवळी अ‍ॅम्बॅसडर, मुंबईत मात्र फियाट. असं का? साधं कारण म्हणजे कारखाना कुर्ल्यात. सुटे भाग आणि जाणकार हात दोन्ही जवळ. दुसरं, अ‍ॅम्बॅसडर लांबीला सव्वाचार मीटरच्या पुढे जाते, फियाट चार मीटरच्या आत बसते. गिरगावातल्या, भेंडी बाजारातल्या गल्लीत वळवायची तर तो फरक मोठा असतो. तिसरं, वजन टनाच्या आत, त्यामुळे पेट्रोलही कमी.

शिवाय गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. त्यामुळे पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मोकळी, चौथा पॅसेंजर आरामात बसायचा. वर सामानाला कॅरिअर. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मेकॅनिकल मीटर. पॅसेंजर बसला की ड्रायव्हर हात बाहेर काढून मीटर खाली पाडायचा आणि टिकटिक सुरू. आत छताला रंगीत फुलाफुलांचं कापड, समोर देवाची तसबीर नाहीतर ७८६, लटकणारी लिंबू-मिरची.

मुंबईत टॅक्सी १९११ पासून आहे. तेव्हापासून ती चालवणारे लोक बहुतेक करून बाहेरून आलेले. पंजाबातून, दक्षिण कानडातून, कोकणातून, आणि पुढे मोठ्या संख्येने उत्तर प्रदेशातल्या जौनपूर-प्रतापगढ भागातून. अनेकांच्या मालकीची गाडी नसायचीच. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे, उरतील ते आपले. एकच गाडी दिवसा एक चालवणार, रात्री दुसरा. मधल्या वेळेत तिच्यातच झोपायचं. म्हणजे आपल्यासाठी जी वीस मिनिटांची सफर होती, ती त्या माणसासाठी ऑफिस, घर आणि बिछाना होती.

शेवट कसा झाला

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि पद्मिनीचे दिवस मोजले जाऊ लागले. मारुती हलकी होती, पेट्रोल कमी खायची, आणि मुख्य म्हणजे सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची. प्रीमियरने प्रयत्न केले. ११८ एनई नावाची नवी गाडी आणली, पद्मिनीची डिझेल आवृत्ती आणली, प्यूजो आणि फियाट या परदेशी कंपन्यांशी नव्याने भागीदारी केली. पण त्यांतलं फारसं काही जमलं नाही. घरगुती गिऱ्हाईक नव्वदच्या दशकात गेलं, टॅक्सीवाला तेवढा राहिला.

आणि मग हवेचा प्रश्न आला. हे स्पष्ट बोललं पाहिजे. यांतल्या बहुतेक गाड्यांना धूर स्वच्छ करणारं साधन नव्हतं. म्हातारं इंजिन, भेसळीचं पेट्रोल, तासन् तास सिग्नलला उभं राहणं. त्याचा त्रास सगळ्यात आधी झाला तो ड्रायव्हरला आणि फुटपाथवर झोपणाऱ्याला. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर आल्या, डिकीत सिलिंडर बसले, धूर कमी झाला. पुढे वयाची मर्यादा आधी पंचवीस आणि मग वीस वर्षांवर आली. ती योग्यच होती. ड्रम ब्रेकच्या, एअरबॅग नसलेल्या गाडीतून रोज लाखो लोकांनी प्रवास करावा असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

असं शेवट होणं फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. मेक्सिको सिटीत बीटलच्या टॅक्सी असत. पॅसेंजरला मागे जाता यावं म्हणून पुढची एक सीट काढून टाकलेली असायची. जगातली शेवटची मूळ बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्याच प्वेब्ला इथल्या कारखान्यात बनली आणि २०१२ अखेर त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. तिथेही कारण हवा आणि सुरक्षितता. तिथेही लोक हळहळले.

आठवण कोणाची, जपायचं काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हुरहूर का लागते? कारण ही गाडी आपल्याबरोबर म्हातारी झाली आणि ती आपल्याला कळायची. पण इथे एक अडचण आहे. आपण जी आठवण काढतो ती बहुतेक वेळा मागच्या सीटवरची आठवण असते. खिडकीतून येणारा मरीन ड्राइव्हचा वारा, पावसात गळणारी काच. पुढच्या सीटवरच्या माणसाला बारा तास तापलेल्या इंजिनामागे बसायचं होतं. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. त्याला नवी गाडी हवी होती आणि कर्ज मिळताच त्यांतल्या पुष्कळांनी ती घेतली. त्याला विचारल्याशिवाय या गाडीचा इतिहास पूर्ण होणार नाही.

दुसरी अडचण नियमांची. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ ही अक्षरं असलेला खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि ती दहा वर्षं चालते. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. नियम चांगला आहे. त्याने शौकिनांची सोय झाली.

पण हिशोब करा. टॅक्सी विसाव्या वर्षी बाद होते आणि वारसा पन्नासाव्या वर्षी सुरू होतो. मधली तीस वर्षं ती कुठे राहणार? मुंबईत गाडी उभी करायच्या जागेचा भाव तुम्हाला माहीत आहे. खासगी पद्मिनी एखाद्या हौशी मालकाच्या गॅरेजमध्ये टिकेल. पण टॅक्सीवाल्याकडे ना गॅरेज, ना हौस परवडणार. त्याची गाडी भंगारातच जाणार. म्हणजे पन्नास वर्षांनी आपल्याकडे उरतील त्या पांढऱ्या, पॉलिश केलेल्या घरगुती पद्मिन्या. आणि ज्या रूपामुळे ही गाडी जगभर मुंबईची ओळख झाली, ते काळं-पिवळं रूपच नाहीसं होईल. राजेरजवाड्यांच्या गाड्या त्यांच्या वंशजांनी सांभाळल्या. कष्टाच्या गाड्या सांभाळायला कोणी वारस नसतो, म्हणून ते काम समाजाला करावं लागतं.

आमच्या मते तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. एक, मोजक्या काळ्या-पिवळ्या मूळ मीटरसकट, कॅरिअरसकट, चालू अवस्थेत ठेवाव्यात. काचेआडची बंद गाडी अर्धीच गाडी असते. तिचा आवाज आणि पेट्रोलचा वास हाही तिचा भाग आहे. दोन, तिची दुरुस्ती येणारे उस्ताद आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांचं काम कॅमेऱ्यावर नोंदवून ठेवावं. भाग पुन्हा बनवता येतो. हात गेला तर तो परत बनवता येत नाही. तीन, ड्रायव्हरांच्या आठवणी त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत लिहून घ्याव्यात. यांतल्या दोन गोष्टींना तर फारसा खर्चही नाही. घरात एखादी फियाट होती असं ज्यांना आठवतं, त्यांनी जुने फोटो, बुकिंगच्या पावत्या, गॅरेजची बिलं रद्दीत घालण्याआधी एकदा बघा. त्या कागदांत एका काळाचा हिशोब आहे.

श्रोत्यांमधून एक प्रश्न

*प्रश्न : जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवली तर प्रदूषणही नाही आणि गाडीही राहील. मग ती क्लासिक राहते का?*

चांगला प्रश्न आहे, आणि यावर जगभर वाद चालू आहे. नियमाच्या भाषेत उत्तर सोपं : इंजिन, चासी, सांगाडा यांत मोठा बदल केला की ती व्हिंटेज धरली जात नाही. पण आम्हाला विचाराल तर, ज्या गाडीला नाहीतर भंगारातच जायचं आहे तिला मोटर बसवून कोणी वापरणार असेल, तर जरूर बसवावी. फक्त तिला पद्मिनी दिसणारी नवी गाडी म्हणावं. कारण आज आपण बोललो ती पद्मिनी म्हणजे तो पत्रा नव्हे. बॉनेट उघडून, आत बघून, ‘काय झालंय ते कळलं’ असं म्हणता येणं, ही तिची खरी ओळख होती. काही गाड्या तरी तशाच राहायला हव्यात, म्हणजे पुढच्या पोरांना बॉनेट उघडून दाखवता येईल.